थेंबाचा माग

मोठी गळती हा इंजिनाचा त्यातल्या त्यात प्रामाणिक आजार होय. नळी फुटते, वाफेचा लोट उठतो, गाडी रस्त्याच्या कडेला उभी राहते आणि दोष कोठे आहे हे लहान मूलही बोट दाखवून सांगते. सावकाश गळतीची रीत निराळी. जमिनीवर डाग नाही, वाफ नाही, परंतु आठवड्याने रेडिएटरचे झाकण उघडावे तर पाणी कपभर कमी झालेले. गेले कोठे, याचा पत्ता नाही.

२०१८ ते २०२१ ही तीन वर्षे आम्ही इंग्लंडात, ऑक्सफर्डशायरमधील एका लहानशा धर्मग्रामात काढली. तेथील एका वृद्ध, विधुर गृहस्थांकडे १९७२ सालची एमजीबी होती. दोन आसनांची, उघड्या टपाची ही स्पोर्ट्स कार त्याच परगण्याचे लेकरू म्हणावयास हरकत नाही. ॲबिंग्डन गावच्या कारखान्यात १९६२ पासून १९८० पर्यंत अशा पाच लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या आणि १९८० च्या ऑक्टोबरात तो कारखाना बंद पडला. या गृहस्थांनी आपली गाडी लग्नाच्या वर्षी नवी घेतली होती व ती मुलीला द्यावी असा त्यांचा मानस होता.

२०१९ च्या शरद ऋतूत पाणी कमी होऊ लागले. एका गॅरेजवाल्याने इंजिनात तेल ओतण्याचे झाकण उघडले. आतल्या बाजूस सायीसारखा पिवळट फेस पाहून त्याने निर्णय दिला की, हेड गॅस्केट गेले, इंजिन उघडावे लागेल. खर्चाचा आकडा ऐकून आमच्या स्नेह्यांनी गाडी विकण्याची जाहिरात लिहून ठेवली. कागद टेबलावरच होता. आम्हांस चहा देताना ते म्हणाले, “फादर, नुसते पाणी ओतत राहिलो तर किती दिवस चालेल?”

प्रश्न रास्त होता, पण उत्तर सुखाचे नव्हते. थंड देशात इंजिनाच्या पाण्यात निम्मे ग्लायकॉल असते. ते पाणी गोठू देत नाही, आणि त्यात मिसळलेली औषधे लोखंडाला गंज चढू देत नाहीत. साधे पाणी ओतीत गेले की हे मिश्रण पातळ होत जाते. शिवाय पातळी फारच खाली गेली तर उष्णतामापकाचे टोक पाण्याबाहेर, वाफेत राहते. मग काटा खुशाल थंड दाखवतो आणि आत इंजिन भाजत असते. गळती बुजविणारी पूड बाजारात मिळते, तिच्याविषयी आमचे मत चांगले नाही. ती भोकही बुजवते आणि रेडिएटरच्या बारीक वाटाही.

सेमिनरीतील जुन्या जीपची देखभाल कित्येक वर्षे आमच्याकडे होती, तेव्हा इंजिन आम्हांस अगदीच परके नव्हते. तेल मोजण्याची पट्टी काढून पाहिली. तेल स्वच्छ. हिवाळ्यात केवळ दुकानापर्यंत नि परत असा प्रवास घडला की इंजिन पुरते तापत नाही, आतील दमट हवा झाकणाखाली थिजते आणि तेलाशी मिसळून तसा फेस धरते. नुसत्या त्या फेसावरून गॅस्केटला दोषी ठरविणे म्हणजे ओल्या छत्रीवरून घराचे छप्पर गळते म्हणण्यासारखे. तरीही खात्री करून घेतली. रेडिएटरच्या तोंडावर निळ्या द्रवाची नळी धरण्याची एक चाचणी आहे. सिलिंडरमधील जळका वायू पाण्यात शिरत असेल तर तो द्रव पिवळा होतो. इंजिन तापेपर्यंत वाट पाहिली. द्रव निळाच राहिला.

आणखी एक फसवा वाटसरू होता. या गाडीला, तिच्या काळच्या पुष्कळ गाड्यांप्रमाणे, जादा पाण्याची वेगळी टाकी नाही. पाणी तापून फुगले की जास्तीचे एका बारीक नळीने सरळ रस्त्यावर जाते. रेडिएटर काठोकाठ भरणारा मनुष्य रोज पाणी भरतो आणि गाडी रोज ते बाहेर टाकते! म्हणून तोंडाच्या खाली इंचभर जागा सोडून भरले, एका लाकडी काडीवर खूण केली, आणि रोज सकाळी थंड इंजिनात ती काडी बुडवून पाहिली. आठ दिवसांत खूण उघडी पडली. गळती खरीच होती.

मग एकेक अवयव तपासला. वॉटर पंपाच्या पोटाशी एक लहान छिद्र मुद्दाम ठेवलेले असते. आतील सील झिजले की तेथून पाणी ठिबकते. ते कोरडे होते. हीटर आतून गळत असेल तर पायाखालचा गालिचा भिजतो, काचेवर धुके धरते, गोडसर वास येतो. त्यातले काहीही नव्हते. रबरी नळ्यांच्या क्लिपा आवळल्या, तरी काडी रोज थोडी थोडी उघडी पडतच होती.

येथे आमच्या वडिलांची आठवण झाली. वसईच्या वाडीत विहिरीचे पाणी पाटाने केळींना जाई आणि अधूनमधून ते वाटेतच नाहीसे होई. वाहत्या पाण्यात भोक सापडत नाही. वडील पाटाची दोन्ही तोंडे मातीने बांधीत, मधले पाणी तुंबवीत आणि बांधावर गुपचूप बसून राहत. जेथे पाण्यावरचा पाचोळा हळूहळू फिरू लागे, तेथे खेकड्याचे बीळ.

गाडीसाठी त्याच जातीचे यंत्र मिळते. हातपंप रेडिएटरच्या तोंडावर बसवायचा आणि इंजिन थंड असतानाच दाब भरायचा. या गाडीच्या झाकणाचा दाब चौरस इंचास १० पौंड. एवढ्या दाबाखाली साधे पाणीसुद्धा सुमारे ११५ अंशांपर्यंत उकळत नाही. दहा पौंड भरले, गाडीखाली कोरडे वर्तमानपत्र अंथरले, आणि दोन खुर्च्या ओढून आम्ही दोघे बसलो. काटा अगदी मंदपणे खाली येत होता. कागद कोरडाच. पाऊण तासाने आमच्या स्नेह्यांनीच विजेरी व आरसा घेऊन इंजिनात डोकावले आणि म्हणाले, “येथे काहीतरी चमकते आहे.”

हीटरमधून परतणारे पाणी एका लोखंडी नळीने इंजिनाच्या कडेकडेने पुढे येते. ती नळी जेथे पट्टीने धरली होती, नेमके तेथेच, पट्टीच्या आड, गंजाने सुईच्या अग्राएवढे भोक पडले होते. एक हिरवट थेंब तेथे लोंबत होता. इंजिन चालू असताना तो खालच्या तापलेल्या लोखंडावर पडे आणि जमिनीपर्यंत पोहोचण्याआधीच वाफ होऊन जाई. पुसून पाहिले तर त्या लोखंडावर पांढरट खपली होती. सत्तेचाळीस वर्षे पट्टीच्या बेचक्यात ओल साचत राहिली, त्याचे हे फळ.

या गाडीचे सुटे भाग आजही मिळतात. नळी आणि तिच्या दोन्ही टोकांच्या रबरी जोडण्या टपालाने आल्या. जुने पाणी परातीत काढून लगेच बंद डब्यात भरले. ते चवीला गोड असते, शेजारची मांजर तेथेच घुटमळत होती, आणि थोडेसे चाटले तरी मांजराचा जीव जातो. काम दुपारभरात उरकले. जाहिरातीचा कागद त्यांनी शेकोटीत टाकला. फेब्रुवारी २०२० मध्ये मुलगी आली आणि टप उघडा टाकून, लोकरी टोपी घालून, बापलेक ॲबिंग्डनपर्यंत जाऊन आली.

मार्चमध्ये टाळेबंदी लागली. मुलगी तिकडे अडकली, चर्चची दारे मिटली, आम्ही घरोघर दूरध्वनी करून ख्यालीखुशाली विचारीत असू. हे गृहस्थ दर सोमवारी गाडी आवारातच अर्धा तास चालू ठेवीत व मंगळवारी सकाळी काडी बुडवीत. आम्ही प्रकृती विचारण्याआधीच पलीकडून आवाज येई, “खुणेवरच आहे, फादर.”