गाडी बदलू की नको?



आजचा लेख एका गाडीविषयी आहे. अभ्यासाचा भाग पुढे येतोच, तोवर थोडं घरचं ऐकून घ्या.

माझी शाळा अकोले तालुक्यात, राजूरच्या पुढे डोंगरात आहे. द्विशिक्षकी शाळा, पट तेवीस. मी राहतो राजूरला. जायला अठरा किलोमीटर, यायला अठरा. त्यातले बारा डांबरी, पुढचे सहा तुम्हीच ठरवा काय म्हणायचं ते. उन्हाळ्यात मुरूम, पावसाळ्यात शेवाळ आणि गारा. आमच्याकडे जूनला एकदा पाऊस लागला की गणपतीपर्यंत कपडे वाळत नाहीत.

मी डी.एड. करून २०१० मध्ये लागलो. तेव्हा शिक्षण सेवकाचं मानधन महिना ३,००० रुपये होतं. तीन वर्षं कधी दुधाच्या जीपमधून, कधी चालत काढली. २०१३ मध्ये वेतनश्रेणी लागली आणि पहिलं कर्ज काढलं ते गाडीसाठी. हिरो इम्पल्स. वडील म्हणाले, "अरे, साधी शंभर सीसी घे, ॲव्हरेज देईल." पण मी ती राजूरच्या बाजारात एका वनरक्षकाकडे पाहिली होती. उंच, पुढचं चाक एकोणीस इंची, सायलेन्सर वर उचललेला, म्हणजे ओढ्यात पाणी शिरत नाही. मला तेच हवं होतं.

अकरा वर्षांत या गाडीवर काय काय गेलं म्हणून सांगू? पाठ्यपुस्तकांचे गठ्ठे, पोषण आहाराच्या डाळीची पोती, निवडणुकीचं सामान, एकदा तर आख्खा फळा. तिसरीतला एक पोरगा जांभळीवरून पडला, हात मोडला. त्याला मध्ये आणि त्याच्या बापाला मागे बसवून राजूरच्या दवाखान्यात आणला. तिघं बसणं चूकच, पण त्या दिवशी दुसरं काही सुचलं नाही. आता तो पोरगा अकरावीला आहे. रस्त्यात दिसला की आधी गाडीला हात लावतो, मग मला नमस्कार करतो!

आता ही गाडी बनत नाही. इंजिन हंकच्याच घरातलं, त्यामुळे त्याचे भाग मिळतात. पण पुढचे शॉकॲब्सॉर्बर, मडगार्ड, दिव्याचं कव्हर यांसाठी भंगारवाल्यांना फोन करावे लागतात. नाशिकच्या एका माणसाशी माझी या निमित्ताने चांगली ओळखच झाली. दोनतीन वर्षं घरात विषय निघायचा, मी टाळायचो.

मग २०२४ च्या जुलैतला तो शनिवार आला.

शनिवारी सकाळची शाळा. माझी लेक दुसरीत, तिच्या शाळेला सुट्टी होती म्हणून हट्टाने माझ्याबरोबर आली. येताना पाऊस वाढला. ओढ्यावरच्या फरशीवरून पाणी चाललं होतं, पण रोजच्यासारखंच वाटलं. मी गाडी घातली. बरोबर मध्यावर क्लचची वायर तुटली, गाडी झटका खाऊन बंद. पाणी घोट्याच्या वर, आणि चढत होतं. लेकीला एका हाताने कडेवर घेतलं, दुसऱ्या हाताने गाडी धरली. गाडी सोडून द्यायची, हे सुचायला मला किती वेळ लागला ते मला माहीत आहे. घरी मी ते सांगितलेलं नाही. इथे पहिल्यांदा लिहितोय.

बाजूच्या खाचरात आवणी चालू होती. तिथून दोघं धावत आले. एकाने लेकीला घेतलं, दुसऱ्याने गाडीला दोर बांधला. त्यातला एक माझ्या चौथीतल्या विद्यार्थिनीचा बाप.

यात गाडीचा दोष नव्हता बरं का. वायरचे धागे सुटायला लागलेत हे मला आठ दिवस आधीच दिसलं होतं. या पगाराला टाकू म्हणून राहून गेलं.

त्या रात्री बायको एवढंच म्हणाली, "अहो, तिला परत त्या गाडीवर नेऊ नका." तुम्ही जाऊ नका, असं ती म्हणाली नाही. ते जास्त लागलं.

दिवाळीच्या आधी मी शोरूमला जाऊन एक्सपल्स बघून आलो. दोनशे सीसी, पुढचं चाक एकवीस इंची, पोटाखाली २२० मिलिमीटर जागा, पुढच्या ब्रेकला एबीएस. कार्बोरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शन. म्हणजे आमच्या राजूरच्या मिस्त्रीने टूथब्रशने कार्बोरेटर साफ करून द्यायचा जमाना संपला, हे मला थोडं टोचलंच. एक्स्चेंजमध्ये माझ्या गाडीचे नऊ हजार सांगितले. माणूस गाडीभोवती फिरलासुद्धा नाही, रीडिंग बघितलं फक्त. एक्क्याण्णव हजार.

आता वर्गाकडे येतो. तिसरी-चौथी एकत्र बसतात. चौथीचा गुणाकार-भागाकार चालू होता आणि पुस्तकातल्या आंब्यांच्या पेट्या वाटून पोरं कंटाळली होती. म्हटलं, चला, गुरुजींचा प्रश्न सोडवा. रोज ३६ किलोमीटर, वर्षाचे २२० दिवस. ७,९२० आले. जुनी गाडी लिटरला ४५ देते, नवी ४० देईल. भागाकार पूर्ण सुटला, १७६ लिटर आणि १९८ लिटर. पेट्रोल १०४ रुपये धरलं. जुनीचे १८,३०४, नवीचे २०,५९२. जुनीला वर्षाची दुरुस्ती ११,४०० आणि नवीला हप्ता महिना ४,१०० प्रमाणे ४९,२००. बेरजा झाल्या, २९,७०४ आणि ६९,७९२. पाच अंकी वजाबाकी इतक्या उत्साहाने मी आजवर पाहिली नव्हती. ४०,०८८ रुपयांनी जुनी स्वस्त!

"गुरुजी, जुनीच ठेवा," सगळा वर्ग ओरडला. मला बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू.

तेवढ्यात ती चौथीतली मुलगी, जिच्या बापाने आम्हाला ओढ्यातून काढलं, ती म्हणाली, "गुरुजी, त्या दिवशी गाडी ओढ्यात बंद पडली, त्याचे किती धरायचे?"

मी फळ्यावर जुन्या गाडीच्या खाली एक रकाना आखला. खडू हातात राहिला. पोरं आकड्याची वाट बघत होती. मधल्या सुट्टीची वेळ झाली म्हणून सुटलो.

खरं सांगू का, मी इतके दिवस वेगळाच प्रश्न टाळत होतो. २०१७ च्या बदली धोरणात शाळांची सर्वसाधारण आणि अवघड क्षेत्रात विभागणी झाली. आमची शाळा अवघड क्षेत्रात. तिथे तीन वर्षं भरली की बदली मागण्याचा अधिकार मिळतो. माझी कधीच भरली आहेत. खालच्या गावात शाळा मिळाली तर स्कूटरवरही भागेल. दीड लाखाच्या पुढची, डोंगरात चालणारी गाडी घ्यायची आणि तीन वर्षं हप्ता भरायचा, म्हणजे आणखी निदान तीन वर्षं वर राहायचं. जुनी गाडी होती तोवर हे ठरवायची गरजच नव्हती. ती चालते आहे, मी जातो आहे, एवढंच.

हे मी बायकोला तसंच्या तसं सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "वर जायचंच असेल तर धड गाडीवर जा. आणि फरशीवर पाणी असलं की अलीकडेच थांबायचं. शाळा उशिरा भरली तरी चालेल."

गाडी बदलली. नऊ हजारांचे साडेदहा झाले, माझ्या बोलण्याने नाही, वडील बरोबर आले होते म्हणून. किल्ली देताना मी डिकीतली पान्ह्यांची पिशवी काढून घेतली. ती अजून माझ्याकडे आहे, नव्या गाडीला त्यातला एखादाच पाना लागतो. बदलीचा अर्ज या वर्षी भरला नाही. पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी.

सोमवारी नवी गाडी शाळेत नेली. पोरांनी लगेच मोजपट्टी आणली. सीटची उंची साडेब्याऐंशी सेंटिमीटर भरली. मग प्रत्येकाने गाडीशेजारी उभं राहून सीट आपल्या कुठे येते ते पाहिलं. आमच्या पहिलीतल्या एकाच्या थेट गळ्यापर्यंत आली. ती चौथीतली मुलगी मात्र मागच्या चाकापाशी बसून क्लचची वायर शोधत होती. मी तिला हँडलजवळ बोलावून दाखवली. तिने वरून खालपर्यंत बोट फिरवून तपासली आणि म्हणाली, "चांगली आहे."