मला कुणी काही सांगायचं नाही

मोबाईलवर ओळख झालेल्या माणसाला भेटायला जाणाऱ्या मुलींबद्दल माझं मत ठरलेलं होतं, आणि कुणी विचारलं नाही तरी मी ते सांगायचे. 2022 च्या नोव्हेंबरमध्ये वसईच्या मुलीच्या खुनाची बातमी आली, तेव्हा शाळेच्या स्टाफरूममध्ये मी म्हणाले, "डेटिंग ॲपवर माणसं शोधायची म्हटल्यावर दुसरं काय होणार?" दोघीतिघींनी माना डोलावल्या. मला बरं वाटलं. एका मुलीचे तुकडे झाले होते आणि मला माझं म्हणणं खरं ठरल्याचं समाधान होतं.

त्याच बातम्यांत आणखीही काही छापून आलं होतं. 2020 मध्येच तिनं नालासोपाऱ्याच्या तुळींज पोलीस ठाण्यात लेखी तक्रार दिली होती: ॲपवर ओळख झालेला जोडीदार मारतो, जिवे मारायची धमकी देतो. पुढे तिनंच ती मागे घेतली. मी वाचलं आणि पान उलटलं. ॲपवरची ओळख काही वर्षांपूर्वीची, खून 2022 चा. मधली वर्षं ती ॲपवर नव्हती, त्या माणसाबरोबर एका घरात होती. पण घरातल्या मारहाणीचा विचार करायचा तर मला ताई आठवली असती, आणि ते मला नको होतं.

ताईच्या स्थळाची चौकशी आमच्या वडिलांनी, अण्णांनी, रीतसर केली होती. बँकेत विचारलं, चाळीत विचारलं, ओळखीच्या एका गृहस्थांनी 'मुलगा निर्व्यसनी' अशी हमीही दिली. माणूस हात उचलतो, हे कोण सांगणार? ताईनंसुद्धा बरीच वर्षं सांगितलं नाही. सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "जरा सांभाळून घे." मी शेजारी भाजी निवडत होते. निवडतच राहिले.

एवढं डोळ्यांदेखत घडलेलं असताना, चौकशी करून दिलेली मुलगी सुरक्षित आणि ॲपवरची मुलगी वाया गेलेली, हा हिशेब मी कसा मांडला? मी त्याला काळजी म्हणायचे. काळजी थोडी होती, राग जास्त. आम्हाला न विचारता ठरवतात याचा.

ताईची मुलगी नोकरीसाठी ठाण्याला माझ्याकडे राहायला आली. शनिवारी संध्याकाळी "मैत्रिणींबरोबर जातेय" म्हणून निघायची. एकदा चपला घालता घालता थांबली.

"मावशी, मैत्रिणी नाहीयेत. ॲपवरचा एक मुलगा आहे, पहिल्यांदाच भेटतेय. आधी रूममेटला लोकेशन पाठवायचे, ती आता बंगळूरला गेली. तुला पाठवू?"

मी तोंड उघडलंच होतं. ती म्हणाली, "ओरडायचं असेल तर आल्यावर ओरड. आत्ता फक्त फोन चालू ठेव."

ती शिव्या खायच्या तयारीनं उभी होती. ओरडा खाऊन घेईन, पण मी कुठे आहे हे तुला माहीत असू दे, असं म्हणत होती. मी ओरडले असते तर पुढच्या शनिवारी पुन्हा मैत्रिणीच असत्या, आणि ती कुठे आहे हे जगात कुणालाच माहीत नसतं. तिला एकटं पाडणारी मीच ठरले असते. मी म्हटलं, "पाठव."

मग तिनं दारातच सगळं सांगितलं. त्याच्याशी व्हिडिओ कॉलवर बोलली होती. फोटो इंटरनेटवर शोधून पाहिला होता, दुसऱ्या कुणाचा उचललेला नाही ना म्हणून. त्याच्या कंपनीत कॉलेजचा एक सीनियर होता, त्याच्याकडून खात्री केली होती. कॅफे तिनं ठरवलेला, गर्दीतला; काही बारवाले आपलीच माणसं ॲपवर बसवतात आणि भेटायला आलेल्याच्या हातात भलतंच बिल ठेवतात, म्हणून. जाणं-येणं आपलं आपण, घरचा पत्ता द्यायचा नाही, ग्लास सोडून उठायचं नाही. "आणि वेटरशी कसा बोलतो ते बघते," ती म्हणाली. "आणि आपण नाही म्हटल्यावर चेहरा कसा होतो ते." बापाला बघत वाढलेली मुलगी होती ती. अण्णांच्या चौकशीत हे कलम नव्हतं. शिवाय हिला अर्ध्या तासात उठून येता येणार होतं.

व्हॉट्सॲपवर लाइव्ह लोकेशन आठ तासांपर्यंत ठेवता येतं, हे मला तेव्हा कळलं. आमचं ठरलं: मी फोन करून "दूध आणतेस का?" विचारायचं. "आणते" म्हणाली तर सगळं ठीक. "घरात आहे की" म्हणाली तर आधी 112 ला फोन, मग रिक्षा. ती "आणते" म्हणाली आणि आलीही लवकर. मुलगा कंटाळवाणा होता.

घरच्यांच्या भीतीनं मुलगेही असंच लपवतात. आमच्या ओळखीतल्या एका मुलाला रात्रीच्या व्हिडिओ कॉलमध्ये अडकवून रेकॉर्डिंग केलं, ते पसरवायची धमकी दिली आणि तो पैसे भरत गेला. त्या धमकीपेक्षा त्याला वडिलांची भीती जास्त होती. पैसे बंद करून स्क्रीनशॉट ठेवायचे, लगेच 1930 ला फोन करायचा, हे सांगायला वेळ लागत नाही. पण त्यानं आधी कुणाजवळ तोंड तरी उघडायला हवं ना.

हे सगळं मला आवडतं असं नाही. पहिली भेट दिवसाउजेडी असावी यावरून आमचं अजून वाजतं. ताईला मी काही सांगितलं नव्हतं; परवा भाचीनंच सांगितलं. ताईचा फोन आला तेव्हा मी बोलणी खायच्या तयारीत होते.

"ते लोकेशन," ताईनं विचारलं, "मलाही दिसेल का गं?"