मृत्यूचं कारण लिहिताना मी केलेल्या चुका

मृत्यूच्या वैद्यकीय दाखल्यावर, म्हणजे फॉर्म ४ वर, कारणासाठी एकाखाली एक ओळी असतात. पहिल्या ओळीत माणूस थेट कशाने गेला ते लिहायचं, तिच्याखाली ते कशामुळे झालं ते, आणि शेवटी हे सगळं ज्यातून सुरू झालं तो आजार किंवा इजा. आकडेवारीत सहसा मोजलं जातं ते हे मूळ कारण. सुप्यात प्रॅक्टिस सुरू केल्यावर कितीतरी वर्षं मी पहिली ओळ तेवढी भरत होतो. 'कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट', सही, शिक्का. हृदय आणि श्वास तर प्रत्येकाच्याच मरणात थांबतात. ते कारण नव्हे, हे एमबीबीएसला शिकलो होतो.

हायवेवरचं गाव, एमआयडीसी, वाड्यावस्त्यांवरून येणारे पेशंट. वेळच मिळत नाही, असं मी स्वतःला सांगायचो. ते खरं नव्हतं. मूळ कारण लिहायचं तर त्यामागे उभं राहावं लागतं, आणि मला ते टाळायचं होतं.

एका पावसाळ्यात पहाटे शेतमजूर बाईला आणलं. जमिनीवर झोपली होती, पोटात कळ आली म्हणून उठली. अंगावर दंशाची खूण कुठेच नव्हती. पण पापण्या उचलत नव्हत्या, थुंकी गिळता येत नव्हती, आवाज नाकातून येत होता. मण्यार अशीच रात्री झोपेत चावते. खूण दिसत नाही, दुखत नाही. मी प्रतिसर्पविष सुरू केलं, नगरला व्हेंटिलेटरसाठी हलवायची तयारी केली. त्याआधीच ती गेली. घरचे म्हणाले, "डॉक्टरसाहेब, चिरफाड नको." मी पोलिसांना कळवलं नाही. दाखल्यावर लिहिलं, श्वसनक्रिया बंद पडणे. केसपेपरवर सर्पदंशापुढे प्रश्नचिन्ह होतं.

गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या शेतकरी अपघात योजनेत सर्पदंशाने मृत्यू झाल्यास वारसांना दोन लाख रुपये मिळतात. तिच्या नवऱ्याच्या नावावर थोडी जमीन होती. तो कागद मागायला आला, तेव्हा माझ्या कोणत्याही कागदावर साप नव्हता. शवविच्छेदन झालं नव्हतं, अंत्यसंस्कार उरकले होते. नंतर मी पत्र दिलं, पण त्याने काही झालं नाही. निदान मला कळलं होतं आणि तरी ते मी लिहिलं नाही, ही माझी सगळ्यात मोठी चूक.

दुसरी चूक दयेपोटी झाली. क्षयाने गेलेल्या एका माणसाच्या घरात लग्नाची मुलगी होती. भावाने हात जोडले, "टीबी लिहू नका." मी न्यूमोनिया लिहिलं. खाजगी डॉक्टरांनाही क्षयाच्या प्रत्येक रुग्णाची नोंद देणं २०१२ पासून बंधनकारक आहे. तीही दिली नाही. नोंद नाही म्हणून घरच्यांची तपासणी करायला कोणी आलं नाही. पुढे त्याच घरातला नातू मानेला गाठी घेऊन माझ्याकडे आला. त्या कुटुंबाची लाज झाकताना मी त्या मुलाला उघड्यावर टाकलं होतं.

त्यानंतर मी आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाकडे, आयसीडीकडे, नीट पाहिलं. जाक बर्तियों या फ्रेंच संख्याशास्त्रज्ञाने १८९३ मध्ये मृत्यूच्या कारणांची यादी मांडली. १९४८ च्या सहाव्या आवृत्तीपासून ती जागतिक आरोग्य संघटनेकडे आली. अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. दहाव्या आवृत्तीत श्वास बंद पडण्याला आर ०९.२ आहे, विषारी सापाच्या दंशाला एक्स २०. दाखल्यावर साप नसेल, तर कोड देणारा माणूस एक्स २० आणणार कुठून? तो लिहिलेल्यालाच कोड देतो.

भारतात २००० ते २०१९ या काळात दरवर्षी सरासरी ५८ हजार माणसं सर्पदंशाने गेली, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. तो मुख्यतः घरोघरी केलेल्या विचारपुशीवर उभा आहे, कारण दवाखान्यांच्या नोंदी अपुऱ्या पडतात. २०२० साली देशात नोंदलेल्या मृत्यूंपैकी वैद्यकीय कारण प्रमाणित झालेले होते फक्त २२.५ टक्के. इतक्या थोड्या दाखल्यांतही माझ्यासारखे 'अरेस्ट' लिहिणारे असतील, तर प्रतिसर्पविष कुठे किती पाठवायचं हे सरकारने कशावरून ठरवायचं?

आता मी मृताच्या घरच्यांसमोर बसून शेवटून सुरुवात करतो: मधुमेह कधीपासून, दम कधी लागायला लागला, रात्री झोपले कुठे होते. खात्री नसेल तर 'संभाव्य' असं लिहितो, पण लिहितो. शंका असेल तिथे पोलिसांना कळवतो. चिरफाड का हवी ते नातेवाइकांना समजावतो. काही जण रागावतात, आणि त्यांचं दुःख पाहता ते रास्तच आहे.

जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातली दुरुस्ती १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाली. कारणाच्या प्रमाणपत्राची प्रत आता जवळच्या नातेवाइकाला द्यावी लागते, तीही मोफत. ती मागून घ्या आणि वाचा. लिहिलेलं समजलं नाही, तर डॉक्टरांना विचारा. सांगणं आमचं कर्तव्य आहे.