केस कडक, कोअर मऊ

मराठीत भट्टी या शब्दाला आपण चांगलंच राबवून घेतलं आहे. पावाची भट्टी असते, विटांची असते, हातभट्टी तर सगळ्यांनाच माहीत असते, आणि आमच्या पिंपरी-चिंचवडकडे लोखंड तापवायचीही भट्टी असते. माझे पप्पा भोसरी एमआयडीसीत या शेवटच्या भट्टीवर चौतीस वर्षं होते. अठ्ठावन्नाव्या वर्षी रिटायर झाले आणि घरी ब्रेड भाजायला शिकले. नातेवाईकांना याचं फार हसू आलं. रिटायर झालेल्या माणसाने ज्येष्ठ नागरिक संघात जावं, गावाकडच्या रानात चक्कर मारावी, फार तर कुंड्यांना पाणी घालावं. मैदा मळत बसू नये, असा एकूण सूर होता. मला मात्र तीन वर्षं हे जवळून बघताना वाटत आलंय, की पप्पांनी धंदा बदललाच नाही.

त्यांच्या कामाला हीट ट्रीटमेंट म्हणतात. गाडीचा गिअर मशीनवर कापून तयार झाला की लगेच गाडीत बसवता येत नाही. त्याचा दात वरून कडक हवा, नाहीतर झिजतो. पण आतपर्यंत कडक झाला तर धक्क्याने तुटतो. म्हणून कमी कार्बन असलेल्या पोलादाचा गिअर साधारण ९२० अंश सेल्सिअसला कार्बनयुक्त वायूत काही तास ठेवतात. कार्बन बाहेरून आत मुरत जातो, तोही मिलिमीटरभर किंवा त्याच्याही आत. मग गिअर गरम असतानाच तेलात बुडवून झटकन थंड करायचा, आणि नंतर कमी आचेवर पुन्हा शेकून त्याचा ताण उतरवायचा. वरच्या कडक थराला केस म्हणतात, आतल्या चिवट भागाला कोअर. मी इंजिनिअरिंगला असताना परीक्षेपुरतं हे वाचलं होतं. पप्पा आयटीआय झालेले. त्यांनी ते हाताने केलं होतं.

ते कामाला लागले तेव्हा भट्टीवर तापमानाचा काटा होता, पण केवळ काट्यावर विसंबायची पद्धत नव्हती. झाकण उघडून रंग बघायचा. गडद लाल, चेरीसारखा लाल, मग नारिंगीकडे झुकणारा. शंका आली तर लांब सळईला बांधलेलं चुंबक टेकवायचं, कारण पोलाद साधारण ७७० अंशांच्या वर गेलं की चुंबकाला दाद देत नाही. हा डोळा तयार व्हायला त्यांना पाच-सहा वर्षं लागली. पुढे कंट्रोलर आले, त्यानंतर स्क्रीन आली. कुठल्या जॉबला किती तापमान, किती वेळ, हे सगळं त्यात आधीच भरलेलं. गंमत म्हणजे त्या प्रोग्रॅमला रेसिपीच म्हणतात. शेवटची दहा-बारा वर्षं पप्पांचं काम म्हणजे रेसिपी नंबर निवडणं आणि दर तासाला रजिस्टरमध्ये आकडे लिहिणं. त्यांनी याबद्दल कधी कुरकुर केली नाही. रिजेक्शन कमी झालं, चांगलंच झालं, असं ते म्हणत. फक्त नवीन आलेल्या पोरांना रंग शिकवायची गरज कुणालाच उरली नाही.

रिटायर झाल्यावर पहिले काही महिने शरीर शिफ्ट विसरायला तयार नव्हतं. पहाटे साडेपाचला उठून, आंघोळ करून, शर्ट इन करून ते हॉलमध्ये बसत. कंपनीची बस चुकलेल्या माणसासारखे दिसत. अशाच एका सकाळी त्यांनी माळ्यावरून ओटीजी खाली काढला. २०२०च्या लॉकडाऊनमध्ये सगळ्या देशाला केक करायचा झटका आला होता, तेव्हा मी घेतलेला. त्याचं बटण, कॉइल, थर्मोस्टॅट बघून त्यांनी विचारलं, "यात ब्रेड होतो का?"

ब्रेडमध्ये त्यांना सगळ्यात आधी आवडला तो हिशोब. बेकरीवाले पिठाचं वजन शंभर धरतात आणि बाकी सगळं त्याच्या टक्क्यांत मोजतात: मैदा शंभर, पाणी पासष्ट, मीठ दोन, यीस्ट एक. पोलादही टक्क्यांतच लिहितात. कार्बन शून्य पूर्णांक दोन, मँगनीज इतकं, क्रोमियम इतकं. पप्पांनी लगेच एक दोनशेपानी वही आणली आणि पट्टीने रकाने आखले. बॅच नंबर, तारीख, खोलीचं तापमान, पाणी, फुगायला लागलेला वेळ, भाजायला लागलेला वेळ, आणि शेवटी शेरा.

पहिल्या बऱ्याच बॅचेसचा शेरा 'रिजेक्ट' असा आहे. त्यांनी सुरुवात केली एप्रिलमध्ये, चिंचवडमध्ये पारा चाळिशीला टेकलेला असताना. व्हिडिओतली बाई म्हणाली दीड तास फुगू द्या, पण ती बोलत होती कुठल्या तरी थंड देशातून. आमच्या ओट्यावर पीठ पाऊण तासात टम्म फुगलं, दीड तासाने मधोमध खचलं आणि दारूसारखा वास येऊ लागला. डिसेंबरात उलट झालं. सकाळी बारा अंश तापमान असताना तेच पीठ चार तास ढिम्म होतं. यीस्ट हा जीव आहे आणि तो घड्याळ बघत नाही, हे पप्पांना पटायला वेळ लागला, कारण भट्टीतलं लोखंड बाहेर उन्हाळा आहे की हिवाळा याची पर्वा करत नाही. मग ते पिठालाच थर्मामीटर लावू लागले. उन्हाळ्यात फ्रिजचं पाणी, थंडीत कोमट. पीठ २५-२६ अंशांवर आलं की काम वेळेत होतं.

हा आकडा ऐकल्यावर मला आमच्याच भागातली एक गोष्ट आठवली. पिंपरी-चिंचवड म्हटलं की लोक गाड्या आणि लोखंड समजतात. पण पिंपरीतल्या सुरुवातीच्या मोठ्या कारखान्यांपैकी एक, म्हणजे हिंदुस्तान अँटिबायोटिक्स, १९५४ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने उभा राहिला तो बुरशीच्या जोरावर. पेनिसिलिनची बुरशी मोठमोठ्या टाक्यांमध्ये साधारण २५ अंशांवर वाढवायची, तिला हवा द्यायची, नको त्या जंतूंपासून जपायचं. यीस्ट त्या बुरशीचंच दूरचं भावंड. पप्पांना हे सांगितल्यावर ते म्हणाले, "म्हणजे एच.ए.वाल्यांचा आणि माझा डिपार्टमेंट एकच झाला."

तरी खालचा भाग करपायचा आणि वरचा पांढरा राहायचा. ओटीजीच्या बटणावर विश्वास किती ठेवायचा हा प्रश्न होता, आणि इथे त्यांना जुनी विद्या आठवली. पोलाद घासून लख्ख केलं आणि हवेत तापवलं की त्याच्यावर रंग चढतात. साधारण २३० अंशांना वाळलेल्या गवतासारखा फिकट पिवळा, पुढे तपकिरी, जांभळा, आणि ३०० अंशांच्या आसपास निळा. पप्पांनी जुन्या कानशीचा तुकडा पॉलिश पेपरने घासला आणि ताटलीत ठेवून तासभर ओटीजीत घातला. बटण २३० वर असताना रंग जेमतेम आला. २५० वर ठेवल्यावर गवती पिवळा उमटला. तेव्हापासून आमच्या ओटीजीवर २५०च्या आकड्यापुढे स्केचपेनने '२३०' लिहिलेलं आहे. ब्रेडही साधारण याच तापमानाला भाजतात, आणि पाठीवर रंगही तसाच धरतो. त्या दिवशी बॅच नंबर १९ बाहेर आला. त्यांनी बोटाने टकटक केलं, पोकळ आवाज ऐकला, तासभर निवू दिला, आणि कापून बघत म्हणाले, "केस कडक, कोअर मऊ. पास."

आता आईबद्दल. कारण हे सगळं चालू होतं ते तिच्या स्वयंपाकघरात.

आपल्याकडच्या बहुतेक घरांत ब्रेड हा बाहेरून येणारा पदार्थ. चूल खालून तापते. चारी बाजूंनी घेरणारी आच लागते ती भट्टीत. शिवाय पाव पोर्तुगीजांबरोबर आला. विहिरीत पाव टाकून गाव बाटवल्याच्या कथा वसईपासून गोव्यापर्यंत सांगितल्या जातात, आणि आमच्या करमाळ्याच्या आजीच्या लहानपणी पाव घरात आणायचा तो आजारी माणसासाठी. त्यामुळे घरी ब्रेड करताना शब्द सापडत नाहीत. पप्पा सुरुवातीला प्रूफिंग, नीडिंग, रेस्टिंग म्हणत. आई भाजी निवडता निवडता ऐकायची. एकदा म्हणाली, "अहो, साधं सांगा ना, पीठ तिंबायचं, आंबवायचं आणि मुरू द्यायचं." शब्द होतेच, फक्त ज्याच्याकडे होते त्याला कुणी विचारलं नव्हतं.

ग्लूटेनचंही तसंच. ते दिसतं कसं हे बघायला पप्पा नळाखाली पिठाचा गोळा धूत बसले होते. पांढरं पाणी वाहून गेलं आणि हातात रबरासारखा चिवट लगदा उरला. ते मला उत्साहाने दाखवत होते, तेवढ्यात आई म्हणाली, "हा तर कुरडईचा चोथा." कुरडईसाठी गहू तीन दिवस भिजवतात, रोज पाणी बदलतात, वाटून पिळून चीक काढतात आणि चोथा टाकतात. म्हणजे आमच्या घरातल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या गव्हातला स्टार्च ठेवून ग्लूटेन फेकत आल्या आहेत, कारण त्यांच्या पदार्थाला ते नको होतं. ब्रेडला नेमकं तेच हवं. गहू नवीन आहे की जुना, गिरणीवाल्याने पीठ जास्त तापवलंय का, पाणी किती पिईल, हे आईला पिठात बोट घातल्यावर कळतं. तिचा डोळाही असाच वर्षानुवर्षं तयार झालेला. त्याला पगार नव्हता, म्हणून कौशल्यात धरला गेला नाही.

पप्पांच्या ब्रेडचा फोटो फॅमिली ग्रुपवर गेला की टाळ्यांचा पाऊस पडतो. आईच्या चपात्यांचा फोटो कुणी कधी टाकलेला नाही. एकदा असाच पाऊस पडत असताना तिने शांतपणे विचारलं, "तुमचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. माझं रिटायरमेंटचं वय किती?" पप्पांकडे उत्तर नव्हतं. काही दिवसांनी त्यांनी वहीच्या मागच्या पानावर आठवडा आखला आणि बुधवार, रविवारच्या रात्री स्वतःच्या नावावर घेतल्या. ब्रेड, सूप किंवा भाजी, आणि भांडी. त्या दोन रात्री आई स्वयंपाकघरात येत नाही. शेरा लिहायचं काम मात्र तिच्याकडे आहे. 'मीठ कमी.' 'चहाबरोबर बरा.' 'चांगला' हा शब्द आतापर्यंत चार वेळा आलेला आहे.

पप्पांना शुगर आहे, त्यामुळे त्यांच्या वाट्याला दोनच पातळ स्लाइस येतात. अर्ध्या मैद्याऐवजी ते आता लोकवनचं चक्कीचं पीठ घालतात. कोंड्यामुळे ब्रेड तितका फुगत नाही, पाणीही जास्त लागतं, आणि टक्क्यांचा हिशोब नव्याने बसवावा लागला. उरलेला ब्रेड शेजारी आणि जुन्या शिफ्टमधल्या मित्रांकडे जातो. स्वतःला फारसं खाता न येणारी गोष्ट माणूस इतक्या निगुतीने का करतो, याचं कोडं मला बरेच दिवस होतं.

मी हिंजवडीला सॉफ्टवेअरमध्ये आहे. सहा-सात वर्षांच्या नोकरीत मलाही एक डोळा आला आहे. कोड वाचता वाचता कुठेतरी खटकतं, कारण नंतर सापडतं. आता कोड लिहून देणारी साधनं आली आहेत आणि माझ्या कामातही रेसिपी निवडून बटण दाबायचा भाग वाढत चालला आहे. एका बुधवारी पप्पा पीठ मळत असताना मी विचारलं, "पप्पा, कंट्रोलर आले तेव्हा तुम्हाला वाईट नाही वाटलं?"

ते हात न थांबवता म्हणाले, "वाटलं की. पण जाताना काय काय जमा केलं मी? आयकार्ड, लॉकरची चावी, सेफ्टी शूज. डोळा थोडाच जमा केला?"

माझ्या नोकरीची काळजी या उत्तराने मिटली नाही, मिटण्यासारखी ती नाहीच. पण साठीकडे झुकलेला माणूस नवीन काही शिकतो तेव्हा तो कोरी पाटी घेऊन बसत नाही, एवढं मला कळलं. कंपनीने रजिस्टरमध्ये कधी न लिहिलेलं काहीतरी त्याच्या हातात असतं आणि ते त्याला वापरून बघायचं असतं.

सध्या पप्पांनी नवीन विषय घेतला आहे: ज्वारीची भाकरी. ज्वारीत ग्लूटेन नाही, यीस्ट नाही, वजन नाही, टक्के नाहीत. गरम पाणी, तळहाताची टाच आणि थापताना न चिरणारी कड. ओटीजी, थर्मामीटर, कानस, काहीच कामाचं नाही. त्यांच्या तीन भाकऱ्या तव्यावर टाकतानाच मोडल्या. आई शेजारी स्टूल घेऊन बसली आहे, आणि तिने वहीत अजून काही लिहिलेलं नाही. "अप्रेंटिसचा शेरा वर्षाने," असं तिचं म्हणणं आहे.