आमचा लॅपटॉप उठेना

सन २०२४ च्या आषाढांत आमच्या घरीं जो प्रकार घडला, तो या वार्षिकांत सांगावा कीं सांगूं नये, याविषयीं आमचें मन बरेच दिवस द्विधा होतें. त्यांत आमची शोभा फारशी नाहीं हें एक. आणि ज्या विद्यार्थ्यांस आम्ही वर्गांत 'पुरावा पाहिल्यावांचून निष्कर्ष काढूं नये' असें वर्षानुवर्षें बजावीत आलों, त्यांच्याच हातीं हा अंक पडणार हें दुसरें. परंतु संपादकांनीं लेखासाठीं तगादा लावला, आणि ज्याच्यासंबंधीं हा लेख आहे त्या आमच्या पुतण्यानें, 'लिहा कीं काका, मला कांहीं वाटणार नाहीं,' असें म्हणून परवानगी दिली. तेव्हां लिहावयास बसलों आहों.

लॅपटॉप म्हणजे वास्तविक मांडीवर ठेवावयाचें यंत्र; पण आमच्याकडे मांडीचा मान त्यास क्वचितच मिळतो. खिडकीजवळच्या टेबलावर, एका अंगास उत्तरपत्रिकांचा ढीग आणि दुसऱ्या अंगास आईच्या औषधांच्या बाटल्या, यांच्यामध्यें तो २०१८ सालापासून बसलेला आहे. त्यांत आमच्या प्रश्नपत्रिका आहेत, पुतण्याचे विज्ञानाचे तक्ते आहेत, विजेच्या बिलांच्या पावत्या आहेत. हें सर्व गेलें असतें तरी आम्हीं चार दिवस हळहळून सोडून दिलें असतें. परंतु त्यांत तात्याही होते. २०२१ च्या दिवाळींत आमच्या वडिलांना समोर बसवून, घराण्याच्या व गांवच्या गोष्टी, लहानपणीं आगबोटींतून मुंबईस गेल्याची हकीकत, शेतावरच्या बैलांचीं नांवें, असें त्यांच्या तोंडून जें जें निघालें तें आम्हीं तीन संध्याकाळी ध्वनिमुद्रित करून ठेविलें होतें. एकूण चार तासांचें बोलणें. २०२२ च्या फेब्रुवारींत तात्या गेले. त्या बोलण्याची दुसरी प्रत? ती करावयाचीच होती. अडीच वर्षें करावयाचीच होती.

त्या सोमवारीं सकाळीं घटक चाचणीची प्रश्नपत्रिका पुरी करावी म्हणून आम्हीं कळ दाबली. दिवा लागला, पंखा घुरघुरला. चष्मा पुसून पाहतों तों पडदा काळाच! दहाबारा सेकंदांनीं पंखा निमाला, दिवा विझला, आणि क्षणभरानें तोच क्रम पुन्हां पहिल्यापासून सुरू झाला. पहाटे उठविलेला वसतिगृहांतला मुलगा जसा डोळे उघडतो, कूस बदलतो आणि पुन्हां पांघरूण ओढून घेतो, तसें त्याचें चाललें होतें. आम्हीं कळ पुन्हां दाबली. मग जोरानें दाबली. मग यंत्राच्या पाठीवर दोन चापट्या मारल्या. (ही शेवटची गोष्ट कोणीही करूं नये. आमच्या यंत्रांत जुन्या धर्तीची फिरती तबकडी आहे. ती मिनिटास ५,४०० फेरे घेते, आणि तिच्यावरील मजकूर वाचणारें टोंक तिच्यापासून केसाच्या जाडीहूनही कितीतरी कमी अंतरावर तरंगत असतें. आमच्या चापट्यांनीं तें तबकडीवर आदळलें नाहीं, ही आमची पुण्याई नव्हे, तात्यांची असेल.)

यानंतर आम्हीं दुसरी गोष्ट केली, ती अधिक वाईट. शुक्रवारीं रात्रीं आमचा पुतण्या त्या यंत्रापाशीं बसलेला आम्हीं पाहिला होता. एवढा पुरावा आम्हांस पुरला. तो नववींत आहे. दप्तर भरीत होता, तेथूनच आम्हीं त्यास हांक मारिली.

"काय उतरवून घेतलेंस यांत? कसला खेळ घातलास?"

"काका, मी फक्त तक्ता—"

"तात्यांचा आवाज गेला त्यांत! कळतें का तुला?"

आमच्या वहिनी स्वैंपाकघराच्या दारांत येऊन उभ्या राहिल्या, आणि कांहीं एक न बोलतां आंत गेल्या. मुलगा न जेवतांच शाळेंत गेला.

मग आम्हीं बाजारांतील एका दुरुस्तीवाल्यास फोन केला. त्यानें यंत्राचें दर्शनही न घेतां निदान केलें: "मदरबोर्ड गेला असणार, सर. आठ-नऊ हजार धरा. आणि फॉर्मॅट मारावा लागेल." फॉर्मॅट मारणें म्हणजे पाटी धुऊन कोरी करणें. इतका अर्थ ठाऊक असूनही आम्ही 'संध्याकाळीं घेऊन येतों' असें बोलून गेलों, हें आठवलें म्हणजे आजही अंगावर कांटा येतो. वाचविलें तें आईनें. ती माळ बाजूस ठेवून म्हणाली, "ह्यांचा आवाज बाजारांत न्यायचा नाहीं. आणि अरे, आधीं यंत्र उघडून बघावें, मग पोराचा कान धरावा."

संध्याकाळीं पुतण्या परत आला तो एक कोरी वही व प्रयोगशाळेंतील विद्युन्मापक घेऊन. विज्ञानाच्या शिक्षकांनीं तो त्यास एका रात्रीपुरता दिला होता. आमच्याशीं तो बोलला नाहीं. "आजी, आपण बघूं या," असें म्हणून त्यानें वहीच्या पानावर दोन उभ्या रेघा ओढिल्या: काय केलें, काय दिसलें, काय ठरलें. एका वेळीं एकच बदल करावयाचा आणि तो लिहिल्यावांचून दुसऱ्यास हात लावावयाचा नाहीं, असा त्याचा नियम होता. आम्हांस त्यानें बॅटरी धरावयाचें काम दिलें, आणि आम्हीं तें मुकाट्यानें पत्करलें.

प्रथम भिंतींतील विजेची जागा. तेथें टेबलावरचा दिवा लावून पाहिला, तो लागला. मग विजेचा पुरवठा करणारी डबी: तिच्यावर १९.५ व्होल्ट असें छापलेलें होतें, आणि मापकाचा आंकडाही तितकाच आला. मग डबी व बॅटरी दोन्ही काढून, कळ तीस आंकडे मोजेपर्यंत दाबून धरिली. आंत अडकून राहिलेला विद्युद्भार निघून जावा यासाठीं हें करितात. पुष्कळ यंत्रें एवढ्यानेंच शुद्धीवर येतात. आमचें आलें नाहीं. मग अंधार करून काळ्या पडद्यावर तिरप्या बॅटरीचा झोत टाकला. पडद्यामागचा उजेडच तेवढा गेला असेल, तर अशा झोतांत अंधुक अक्षरें दिसतात. तींही दिसलीं नाहींत. शेवटीं दूरदर्शन-संचाची तार जोडून पाहिली. तेथेंही काळोख. अर्थात् दोष पडद्यांत नव्हता.

येथें एक गोष्ट विस्तारानें सांगितली पाहिजे, कारण आम्हांस ती त्या रात्रीं प्रथम कळली आणि तिनेंच आमचा जीव भांड्यांत पडला. कळ दाबल्याबरोबर यंत्र आपल्या तबकडीकडे धांवत नाहीं. मुख्य फळीवर एक लहानशी चीप असते. तींत कारखान्यांतच लिहून ठेविलेली एक अल्प आज्ञावली असते. सर्वांआधीं ती जागी होते, आणि हजेरी घेते: मेंदू आहे का, स्मृति आहे का, पडदा आहे का, कळफलक आहे का. सर्वांनीं 'हजर' म्हटल्यावर मगच ती तबकडीस हांक मारते, आणि तबकडीवरील मोठी आज्ञावली हळूहळू स्मृतींत चढूं लागते. थोडक्यानें अधिकास उठवावयाचें, अधिकानें त्याहून अधिकास. इंग्रजींत या क्रियेस 'बूट' म्हणतात, तें 'बूटस्ट्रॅप' या शब्दाचें लघुरूप आहे; स्वतःच्याच बुटाचे पट्टे धरून स्वतःला वर उचलणें, असा त्यांतील विनोद. आमच्या यंत्राच्या पडद्यावर कंपनीचें चिन्हसुद्धां उमटत नव्हतें. म्हणजे हजेरीच पुरी होत नव्हती. तबकडीची पाळी आलीच नव्हती.

"म्हणजे तात्या—?" आम्हीं विचारलें.

"आजोबा तबकडींत आहेत," तो प्रथमच आमच्याकडे पाहून म्हणाला. "कपाटाचें कुलूप अडकलेंय. आंतले कागद कशाला जातील?"

हजेरींत कोण गैरहजर आहे, हें पडदा नसतांना यंत्र सांगणार कसें? तें शिटी वाजवून किंवा दिवा लुकलुकवून सांगतें. कळफलकावरील मोठ्या अक्षरांच्या कळीचा दिवा मिचमिचत होता, तो आम्हीं सकाळींही पाहिला होता. पण वैतागलेल्या माणसास दिवा दिसतो, संख्या दिसत नाहीं. पुतण्यानें ती मोजली. तीन, थोडा विसांवा, पुन्हां तीन. प्रत्येक कंपनीची ही भाषा निराळी असते, म्हणून त्यानें आमच्याच यंत्राची पुस्तिका फोनवर काढून पाहिली. तीन म्हणजे स्मृति.

मग यंत्र पालथें घातलें. निघालेला प्रत्येक स्क्रू, ज्या जागेचा तो होता त्या जागेच्या चित्रावर, कागदावर चिकटवून ठेविला. लोखंडी गजास हात लावून अंगावरील विद्युद्भार घालविला, आणि मगच आंत हात घातला. पंख्याच्या जाळीवर धुळीचा नमदाच जमला होता, आणि त्यांत एक वाळलेलें झुरळ. वहिनींनीं नाक मुरडलें. आमच्या पुतण्यानें मात्र तें झुरळ चिकटपट्टीनें वहींत डकविलें. पुढें आम्हांस समजलें कीं, यास थोर पूर्वाधार आहे. ९ सप्टेंबर १९४७ रोजीं हार्वर्डच्या 'मार्क दोन' नामक गणकयंत्राच्या एका विद्युत्-खटक्यांत पतंग सांपडला, तेव्हां तेथील मंडळींनीं तो असाच नोंदवहींत चिकटवून ठेविला, आणि ती वही अद्याप जपून ठेविलेली आहे. तथापि आमचें झुरळ निरपराधी ठरलें.

स्मृतीच्या दोन पट्ट्या होत्या, बोटाएवढ्या. दोन्ही काढून एक बसविली, तीन लुकलुकी. ती काढून त्याच खांचेंत दुसरी बसविली. पंखा चालूच राहिला, दिवा मिचमिचला नाहीं. म्हणजे खांच शाबूत. दोष पहिल्या पट्टींत, किंवा तिच्या स्पर्शांत. उजेडांत धरून पाहिली, तों तिच्या सोनेरी दातांवर मळकट छाया आलेली. कंपासपेटींतील खोडरबर त्यानें त्या दातांवर अगदीं हलक्या हातानें फिरविलें, कण ब्रशानें झाडले, कोरड्या फडक्यानें पुसलें. (याहून चांगला उपाय म्हणजे त्यासाठीं मिळणारा शुद्ध मद्यार्क, रबराचे कण मागें राहूं शकतात. आमच्याजवळ रबर होतें.) मग दोन्ही पट्ट्या तिरप्या घालून, दोन्ही बाजूंच्या चिमट्यांचा 'टक्' असा आवाज येईपर्यंत खालीं दाबिल्या.

कळ दाबली. पंखा सुरू झाला. पडदा काळा. दहा सेकंद, वीस, तीस. आमचा हात कळीकडे गेला, तोंच त्यानें मनगट धरिलें. "काका, थांबा. स्मृति बदलली कीं पहिल्या खेपेस यंत्र तिची पुन्हां ओळख करून घेतें. वेळ लागतो." आई देव्हाऱ्याकडे पाहत होती. आणि मग तें चिन्ह उमटलें.

यंत्र जागें झालें तें १ जानेवारी २०१८ या तारखेस! मुख्य बॅटरी काढल्यावर घड्याळ चालूं ठेवणारी नाण्याएवढी एक बॅटरी आंत असते, ती सहा वर्षांत संपली होती. दुसऱ्या दिवशीं ती बाजारांतून आणली. तारीख चुकीची असतां इंटरनेटवरील पुष्कळ स्थळें उघडतच नाहींत. परंतु त्या रात्रीं ती तारीख बदलण्याची घाई कोणीं केली नाहीं. त्या तारखेस तात्या होते.

पहिली फीत लाविली. प्रथम भांडीं वाजल्याचा आवाज, मग तात्यांचें खोकणें, आणि मग, "हें चालू झालें का रे?" आई ओले हात पदरास पुसत टेबलाशीं आली आणि उभ्यानेंच ऐकूं लागली. बैलांच्या नांवांपाशीं तिनें तात्यांची एक चूक काढली. "ढवळ्या नव्हे, तो पवळ्या. ढवळ्या मामांकडे होता," असें ती पडद्यासच म्हणाली.

फीत चालूं असतां पुतण्यानें विचारलें, "काका, शनिवारीं लॅपटॉप कुठें होता?"

शनिवारीं तो आमच्याबरोबर शाळेंत होता. स्कूटरच्या पायपट्टीवर, आमच्याच पिशवींत, खड्ड्यांनीं भरलेल्या रस्त्यानें तो गेला व तसाच आला; येतांना पिशवी भिजली होती, आणि ती आम्हीं तशीच खिडकीशीं टेकून ठेविली होती. एवढेंच नव्हे, तर शनिवारीं दुपारीं शिक्षकांच्या सभेंत तो आम्हीं स्वतः सुरू केला होता, आणि तो उत्तम चालला होता. म्हणजे शुक्रवारच्या तक्त्याशीं या दुखण्याचा संबंध नव्हता, हें सिद्ध करणारा पुरावा सोमवारीं सकाळीं केवळ आमच्याजवळ होता, आणि आम्हीं तो आठविला नव्हता.

आम्हीं त्याची क्षमा मागितली. वहिनींच्या समोर मागितली, कारण बोललों होतों तेही त्यांच्या समोरच. तो 'असूं दे' म्हणाला, आणि तारा शोधूं लागला. झोंपण्यापूर्वीं तात्यांच्या त्या चार तासांच्या दोन प्रती झाल्या: एक कपाटांत, दुसरी पुण्यास आत्याकडे पाठवावयाची. मग त्यानें वही पुढें ओढिली. शेवटच्या ओळींत 'कारण' एवढाच शब्द लिहून पेन्सिल आमच्या हातीं दिली.

आम्हीं लिहिलें: "स्कूटरचे हादरे, पावसाळी ओल, आणि काकांचा उतावळेपणा."

त्यानें तें वाचलें, खोडरबर घेतलें, आणि तिसरें कारण पुसून टाकिलें. "तें नंतरचें आहे, काका," तो म्हणाला. "तें कारणांत येत नाहीं." मग वहिनींनीं पानें वाढलीं असल्याची हांक मारिली, आणि आम्ही दोघेही जेवावयास उठलों.