पहिला डबा

१९८८च्या भाऊबीजेच्या फोटोत मला भुवया नाहीत. मी पाटावर बसलोय, बहिणीच्या हातात तबक आहे, हसू दाबताना तिचे गाल फुगलेत आणि माझ्या कपाळापासून नाकापर्यंत नुसतं मोकळं मैदान. घरात कुणीही पाहुणा आला की मुलं तो फोटो काढतात आणि मला भुवयांची गोष्ट सांगायला लावतात. मीही सांगतो. पण लोक हसायला लागले की गोष्ट तिथंच थांबते. ती पुढं ज्या माणसापाशी जाते, त्याचं सांगणं दर वेळी राहून जातं.

मी तेव्हा कोल्हापुरात मेकॅनिकल डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला होतो. वडिलांनी हौसेनं जुनी पद्मिनी घेतली होती, १९७६ची. चार सिलिंडरचं १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगलगतचा गिअर आणि चढाला लागली की खोकणारा कार्बोरेटर. गाडी शिवाजी उद्यमनगरातल्या एका मिस्त्रींकडं जायची. ते म्हणाले, कार्बोरेटर खोलून धुवायला लागंल, वरची घाणबी काढाय पायजे, दिवाळी झाल्यावर आणा. भाऊबीजेला आत्याकडं गडहिंग्लजला जायचं होतं. मी वडिलांना म्हणालो, "धुवायला मिस्त्री कशाला? धुणं कुणालाही येतं."

हे वाक्य आठवलं की आजही कान गरम होतात.

पहिल्या दिवशी मी पुस्तकाप्रमाणं गेलो. ग्रीस काढायला कॉस्टिक सोड्याचं गरम पाणी उत्तम, असं पुस्तकात होतं. आईचं मोठं जर्मनचं पातेलं घेतलं, सोडा घातला आणि कार्बोरेटर आत सोडला. पाणी उकळायच्या आधीच फसफसायला लागलं. घाण निघतेय म्हणून मी खूश होतो. प्रत्यक्षात निघत होतं पातेलं. कॉस्टिक अ‍ॅल्युमिनियम खातो आणि त्यातून हायड्रोजनचे बुडबुडे सुटतात. जस्तालाही तो सोडत नाही, आणि कार्बोरेटरचं अंग जस्ताच्या मिश्रधातूचं. हे सगळं त्याच पुस्तकाच्या पुढच्या पानावर होतं. मी पान उलटलं नव्हतं. पातेलं आतून काळंठिक्कर पडलं आणि पुढं आठवड्याभरात बुडाला पाझरायला लागलं. कार्बोरेटर देवीच्या व्रणांसारखा खडबडीत होऊन बाहेर आला.

दुसऱ्या दिवशी रॉकेल. भाकरीची परात मोरीत ठेवली, रॉकेल ओतलं, एक भाग बुडवला, घासला, रॉकेल काळं झालं की गटारात. परत नवं ओतलं. दुपारपर्यंत पाच लिटरचा कॅन रिकामा झाला. तो महिन्याच्या रेशनचा होता. स्टोव्ह बंद पडला तेव्हा आईच्या चकल्या निम्म्या व्हायच्या होत्या. ती काही बोलली नाही. परसातली चूल सारवून घेतली आणि उरलेला फराळ धुरात बसून तळला. परातीचा वास मात्र जाईना. पुढं महिनाभर आमच्याकडं भाकरी कशाबरोबरही खाल्ली तरी चव एकच यायची.

त्याच दिवशी मी आणखी एक उद्योग केला, जो कुणाला कळला नाही. कार्बोरेटरचा मेन जेट म्हणजे बोराच्या बीएवढा पितळी तुकडा. त्याच्या भोकाचा व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजतात, तोच आकडा अंगावर कोरलेला असतो. भोकात कचरा दिसला म्हणून मी आईची शिवणाची सुई घातली, फिरवली, कचरा निघाला. जेट खिडकीत ठेवला आणि तो गायब झाला. रात्रभर मोरीची जाळी उचकटून शोधला. सकाळी आजीच्या देव्हाऱ्यात सापडला, निरांजनाशेजारी, चिंचेनं घासून लखलखीत केलेला. "पितळंचं हाय, देवाचंच काहीतरी असंल म्हटलं," आजी म्हणाली.

नरकचतुर्दशीच्या पहाटे मात्र धुवायचे भाग बाकी आणि रॉकेल संपलेलं. मी टाकीतून नळीनं पेट्रोल काढलं आणि परातीत ओतलं. मोरीचं दार परसात उघडायचं. तिथं काका अभ्यंगस्नानासाठी बंब पेटवत होते, चांगला पंधरा पावलं लांब. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत सरकत जाते, हेही बहुधा कुठल्या तरी पुढच्याच पानावर असणार. 'भक्' असा आवाज झाला. गल्लीतला त्या पहाटेचा पहिला बार आमच्या घरातून निघाला. आईनं बाजूचं ओलं पोतं परातीवर टाकलं म्हणून तेवढ्यावर भागलं. भुवया, पापण्या आणि पुढचे केस गेले. अंगाला उटणं लागलं, पण वास जळक्या कोंबडीचा येत होता.

भाऊबीज झाल्यावर वडिलांनी सगळे भाग एका पिशवीत भरले आणि मला स्कूटरवर मागं बसवून उद्यमनगरात नेलं. मिस्त्रींनी वर्तमानपत्र पसरलं, एकेक भाग काढून ठेवला, खडबडीत कार्बोरेटरवरून अंगठा फिरवला. मग माझ्याकडं बघितलं.

"काय इंजिनेर, भुवया कुठल्या डब्यात ठेवल्यास?"

गॅरेजमधली पोरं हसली. मिस्त्री हसले नाहीत. जेट उजेडाकडं धरून ते बराच वेळ एका डोळ्यानं बघत होते. "एवढा सोन्यावाणी जेट जन्मात बघितला न्हाई. कुणी घासला?" मी म्हणालो, आजीनं. भोकाबद्दल काही बोललो नाही. त्यांनी तो बाजूला ठेवला. गाडी परत आली तेव्हा तिच्यात जेट नवा होता. बिलात त्याचे पैसे नव्हते. आपण सुई घातल्याचं यांना कळलं का, हे विचारायचं धाडस मला त्या दिवशी झालं नाही आणि पुढंही कधी झालं नाही.

आठवड्यानं त्यांचा पोरगा पाच लिटर रॉकेलचा कॅन घेऊन दारात आला. "मिस्त्रीनं धाडलंय, वैनीस्नी." वडिलांनी बहुतेक बोलता बोलता चुलीचं सांगितलं असावं. आई पैसे द्यायला लागली तर पोरगा म्हणाला, पैशे नगोत, धाकल्या मालकास्नी रविवारी लावून द्या.

असा मी रविवारी आणि मग उन्हाळ्याच्या सुट्टीभर त्यांच्याकडं भाग धुवायला जाऊ लागलो. आधी हातांना गोडेतेल चोळायचं, म्हणजे काळं आत शिरत नाही. काम झालं की लाकडाचा भुसा आणि साबण घेऊन हात घासायचे. मधे तीन डबे. पहिल्यात सगळ्यात काळं रॉकेल, दुसऱ्यात मळकं, तिसऱ्यात स्वच्छ. भाग पहिल्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात. उलटं जायचं नाही. रात्रीत गाळ खाली बसला की सकाळी वरचं अलगद निथळून घ्यायचं आणि दुसऱ्या डब्याला पहिला करायचं. मी एका दुपारी पाच लिटर गटारात घातलं होतं, तेवढ्यात हा माणूस सगळं गॅरेज पंधरा दिवस चालवायचा. पुढं नोकरीत मोठ्या कारखान्यातल्या धुण्याच्या टाक्या बघितल्या. त्या याच हिशेबानं मांडलेल्या होत्या, फक्त त्यांना पंप होते.

नवख्या माणसाची जागा पहिल्या डब्यापाशी. मी तिथं दीड महिना होतो.

मे महिन्यात एक जीप आली. वडापची. दहा माणसं बसायची तिथं अठरा कोंबून रोज डोंगरात जाणारी. पुढच्या चाकाचा स्टब अ‍ॅक्सल काढून माझ्याकडं दिला. मी तिन्ही डबे केले, फडक्यानं पुसला, नेऊन दिला. म्हणालो, "साफ आहे." मिस्त्रींनी एका बोटानं जाड भाग जिथं बारीक होतो त्या गोलाईच्या खाचेत नख फिरवलं. नखात काळं आलं. त्यांनी अ‍ॅक्सल परत माझ्या हातात दिला. दुसऱ्यांदा नेला, परत नख, परत काळं. तिसऱ्यांदा त्यांनी तो घेतला, स्वच्छ रॉकेलात बुडवून तसाच राहू दिला आणि चहा मागवला. चहा झाल्यावर अ‍ॅक्सल कोरडाठाक पुसला. मग खिशातून खडूचा तुकडा काढला, पत्र्यावर चुरला आणि ती भुकटी गोलाईवर फुंकली. पांढरं झालेलं लोखंड हातात धरून उन्हात बसले.

"बघ."

मला काहीच दिसेना. थोड्या वेळानं पांढऱ्यावर एक ओली रेघ उमटायला लागली. केसाएवढी. खाचेच्या कडेकडेनं जवळजवळ अर्धा वेढा. तड होती. आत शिरलेलं रॉकेल खडूनं शोषून बाहेर ओढलं होतं.

"तू धुतलंस," मिस्त्री म्हणाले, "पर बघितलं न्हाईस. घाण काढायची ती ह्याच्यासाठी."

जीपवाला तोवर येऊन उभा राहिला होता. संध्याकाळी लग्नाचं भाडं आहे, तेवढं मारू द्या, म्हणत होता. मिस्त्रींनी अ‍ॅक्सल त्याच्या हातात दिला नाही. ऐरणीवर ठेवला आणि घणाचे दोन दणके घातले. तुटला. तुटलेल्या तोंडाचा अर्धा भाग जुन्या गंजानं काळा होता, अर्धा ताजा, चंदेरी. मी त्या काळ्या भागाकडं बघत राहिलो. मी 'साफ आहे' म्हणालो होतो. मिस्त्रींनी माझ्या शब्दावर विश्वास ठेवला असता तर तो अ‍ॅक्सल त्या संध्याकाळी अठरा माणसं घेऊन डोंगराला लागला असता.

१९९१मध्ये मी पुण्याकडं एका फाउंड्रीत तपासणी विभागाच्या मुलाखतीला गेलो. डाय पेनिट्रंटबद्दल काय माहिती आहे, असं विचारलं. मी ते नाव ऐकलं नव्हतं. गप्प बसावं की काय, असं वाटलं. मग म्हणालो, ते माहीत नाही, पण तड शोधायची एक गावठी रीत माहीत आहे, आणि रॉकेल-खडूचं सांगितलं. समोरचे गृहस्थ हसतील असं वाटलं होतं. त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "हेच ते. तुम्ही त्याच्या आजोबांना भेटून आलात." लाल रंगाचे फवारे यायच्या कितीतरी आधी रेल्वेच्या कारखान्यांत आस असेच तेल आणि खडूनं तपासत, हे मला तिथं कळलं. नोकरी लागली. तीस वर्षं मी हेच केलं, लोकांनी धुतलेल्या लोखंडाकडं बघितलं.

पहिल्या पगारानंतर मिस्त्रींना भेटायचं ठरवलं होतं. गेलो दुसऱ्या वर्षी. तसा मी त्या बाबतीत उशीर करणाराच. बरोबर कंपनीच्या परवानगीनं तीन डब्यांचा एक संच नेला होता, साफ करायचा, लाल रंगाचा आणि पांढऱ्या भुकटीचा. मिस्त्रींच्या डोळ्यांवर जाड चष्मा आला होता. त्यांनी संच हातात घेऊन उलटसुलट केला आणि पहिलं विचारलं, "केवढ्याला पडतंय?" मी किंमत सांगितली. त्यांनी माझ्याकडं आणि मग खडूच्या तुकड्याकडं बघितलं. काही बोलले नाहीत.

तरी मला करून दाखवायचं होतंच. कोपऱ्यात एक जुना स्टीअरिंगचा हात पडला होता. तो पुसला, लाल फवारा मारला, दहा मिनिटं थांबलो, पुसला, पांढरा फवारा मारला. पोरं जमली. पांढऱ्यावर लाल रेघा उमटल्या, एक नाही, चार-पाच, नकाशातल्या नद्यांसारख्या. पोरं वा वा करायला लागली. मी मिस्त्रींकडं बघितलं.

त्यांनी हात जवळ घेतला, चष्मा वर केला आणि एका रेघेत नख घातलं. नख काळं झालं.

"आदी धुतलास का?"

मी बाह्या वर केल्या, हातांना गोडेतेल लावलं आणि पहिल्या डब्यापाशी जाऊन बसलो.