दुधावरची साय

नातवंडांना आपल्याकडे ‘दुधावरची साय’ म्हणतात. स्वतःच्या मुलांना वाढवताना मनावर कर्तव्याचे ओझे असते. नातवंडांच्या वाट्याला मात्र निव्वळ माया येते. नातवंड रंगमंचावर उभे राहिले, की या मायेला भरती येते. भोवतालची गर्दी नाहीशी होते आणि आजी-आजोबांना तेवढे एकच मूल दिसू लागते.

माझी मुलगी छत्तीसगडमध्ये, रायपूरजवळच्या अभनपूरला राहते. पूर्वी येथून धमतरी व राजिमकडे छोट्या रुळांची गाडी जात असे. २०२५ साली रायपूर-अभनपूर मार्गावर मोठ्या रुळांवरील गाडी धावू लागली. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांची सत्ता या प्रदेशावर होती. त्यामुळे मराठी माणसाला हा मुलूख अगदीच परका नाही. तरीही मनात एक चिंता असे. नात घरात मराठी, शाळेत हिंदी आणि अंगणात छत्तीसगडी बोलते. या तीन प्रवाहांत आपला प्रवाह आटून तर जाणार नाही ना?

गेल्या वर्षी तिच्या शाळेच्या स्नेहसंमेलनाला गेले. तिचा सहभाग सुवा नृत्यात होता. सुवा म्हणजे पोपट. दिवाळीच्या सुमारास छत्तीसगडच्या स्त्रिया टोपलीत धान्य भरून त्यावर मातीचा पोपट ठेवतात. त्याच्याभोवती फेर धरून, टाळ्यांच्या तालावर त्या आपल्या मनीचे सुखदुःख त्याला सांगतात. मुलींना हे गीत शिकवले होते शेजारच्या एका वृद्धेने. तिने कधी शाळेची पायरी चढलेली नव्हती. परंतु कितीतरी गीते तिला मुखोद्गत होती.

मुली मंचावर आल्या. हिरव्या लुगड्यातली माझी नात ओळखू येईना, इतकी ती मोठी दिसत होती. पहिला फेर पुरा होतो न होतो तोच वीज गेली. ध्वनिक्षेपक बंद पडला, मुली बावरून थांबल्या. माझा जीव कंठाशी आला. तेवढ्यात माझ्या शेजारी बसलेल्या त्या वृद्धेने जागेवरूनच टाळी धरली. नातीने मान वर केली, तीच टाळी उचलली आणि गाऊ लागली. पाठोपाठ साऱ्याजणी. अंधुक उजेडात, कोणत्याही वाद्याविना तो फेर रंगत गेला. डोळे पुसावेत, तर हात टाळ्या वाजवण्यात गुंतलेले!

त्या रात्री नातीने मला गीताचा अर्थ मराठीत समजावून सांगितला. एखाद्या शब्दाशी अडली, तर हातवारे करून सांगे. मला आमच्या विदर्भातली भुलाबाई आठवली. तेथेही मातीची मूर्ती, मुलींचा मेळावा आणि सासर-माहेराची गाणी. मी तिला दोन गाणी म्हणून दाखवली. तिने ती लगेच वहीत उतरवून घेतली.

“कोणासाठी गं?” मी विचारले.

“त्या आजींसाठी. त्यांना वाचता येत नाही ना! मीच वाचून दाखवीन आणि अर्थही सांगेन.”

येत्या भाद्रपदात अभनपूरच्या अंगणात भुलाबाई बसणार आहे. माझी चिंता आता पुष्कळ हलकी झाली आहे.